दोन पायांवर चार पाय

नातवंडाला पाठीवर घेऊन घरभर फिरणारा आजोबांचा घोडा नेहमी गुडघ्यांवर चालतो. गुडघे उचलून, फक्त तळहात आणि तळपाय टेकून चालायला जावे तर पाठ पुढे उतरती होते, मूल मानेकडे घसरते आणि चार पावलांत मनगटे बोलू लागतात. यात वयाचा दोष नाही. विशीतल्या पैलवानाचीही तीच गत होईल. माणसाचे पाय त्याच्या हातांपेक्षा बरेच लांब आहेत, आणि अंगावर चढवायचे चतुष्पाद सोंग तयार करणाऱ्या प्रत्येक कारागिराची पहिली गाठ या एका गोष्टीशी पडते.

माप घेऊनच पाहा. १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे खुब्याच्या सांध्यापासून जमिनीपर्यंतचे अंतर साधारण ९० सेंटिमीटर भरते. खांद्यापासून वळलेल्या मुठीपर्यंत मोजले तर ६५ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे पाय सरळ ठेवून पाठ आडवी राखायची असेल तर प्रत्येक हाताखाली पाव मीटरचा आधार हवा. हाडांचा अभ्यास करणारे हेच वेगळ्या रीतीने सांगतात. पायातल्या दोन लांब हाडांची एकत्रित लांबी १०० धरली, तर हातातल्या दोन लांब हाडांची लांबी माणसात सुमारे ७० भरते, चिंपांझीत सुमारे १०६ आणि गोरिलात सुमारे ११६. गोरिला मुठी टेकून उभा राहतो तेव्हा त्याचे खांदे कमरेच्या वर असतात. माणूस ओणवा झाला की नेमके उलटे होते.

दुसरी अडचण पायांच्या घडणीत आहे आणि ती अधिक फसवी आहे. घोड्याच्या मागच्या पायाकडे पाहिले की त्याचा गुडघा उलटा वळतो असे वाटते. तो गुडघा नव्हेच. ती टाच आहे. घोड्याचा खरा गुडघा वर पोटाच्या कडेला, जवळजवळ कातडीत दडलेला असतो आणि तो आपल्यासारखा पुढेच वाकतो. टाच मात्र जमिनीपासून हातभर वर उचललेली असते, आणि तिच्याखालचा सगळा भाग म्हणजे आपले पाऊल, लांबवून उभे केलेले. पुढच्या पायाच्या मधोमध दिसणारा ‘गुडघा’ हे मनगट असते. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर, मधल्या बोटाच्या नखावर उभा असतो. ते नख म्हणजे खूर. वाघ, कुत्रा, मांजर हे प्राणी बोटांच्या गाद्यांवर चालतात, टाच त्यांचीही अधांतरी. पूर्ण पाऊल टेकणारे आपण, अस्वल, माकडे असे मोजकेच.

आता माणसाच्या पायात घोड्याची विजार चढवा. आपला गुडघा पायाच्या मध्यावर येतो आणि पुढे वाकतो. घोड्याच्या पायात नेमक्या त्याच उंचीवर मागे वळणारी टाच असते. प्रेक्षकाला शरीरशास्त्र ठाऊक नसते, पण आयुष्यभर कुत्री, गुरे, घोडे पाहून त्याच्या डोळ्यांना ते पाठ झालेले असते. काय चुकले ते त्याला सांगता येणार नाही, पण आत माणूस आहे हे त्याला पहिल्याच पावलाला कळते. यावर सोंग करणाऱ्यांनी काढलेला एक उपाय म्हणजे मांडीच्या पुढच्या बाजूला आणि पोटरीच्या मागे फोमची जाडी देणे. त्यामुळे पायाची बाहेरची रेषा इंग्रजी झेड अक्षरासारखी दिसते, आतला पाय सरळच असतो. उभ्या सोंगाला हे शोभते. चालताना मात्र फोम जिथे दुमडतो तिथे त्याचे खोटेपण उघडे पडते.

मग दुसरा माणूस घ्यावा, हा उपाय जुना आहे. ब्रिटनमध्ये नाताळच्या सुमारास होणाऱ्या पँटोमाइम नावाच्या विनोदी नाटकांतला घोडा दोघांचा असतो. पुढचा ताठ उभा राहून डोके सांभाळतो, मागचा कमरेत वाकून पुढच्याची कंबर धरतो. चीनच्या सिंहनृत्यातही दोघेच असतात, पण तिथे ही रचना फार वरच्या पायरीला गेली आहे. बांबूच्या सांगाड्यावर कागद चिकटवून केलेले सिंहाचे डोके पुढचा नर्तक दोन्ही हातांनी पेलतो आणि आतल्या दोऱ्यांनी पापण्या, जबडा, कान हलवतो. मागचा त्याच्या कमरपट्ट्याला धरून त्याला उचलतो, आणि अशा रीतीने सिंह उंच खांबांच्या माथ्यांवरून उड्या घेतो. पँटोमाइमच्या घोड्याचे खोटेपण हसण्यासाठी राखलेले असते. चिनी सिंहाला कोणी हसत नाही, कारण त्याच्या पापणीची उघडझाप उडीइतकीच मेहनतीने बसवलेली असते.

चार्ली चॅप्लिनने आपल्या आत्मचरित्रात लहानपणी केलेल्या मांजराच्या सोंगाची हकिकत सांगितली आहे. लंडनच्या हिप्पोड्रोममध्ये १९०० च्या नाताळात ‘सिंड्रेला’ लागले होते. त्यात मांजर झालेल्या चार्लीने आयत्या वेळी रंगमंचावरच्या कुत्र्याला मागून हुंगायला सुरुवात केली, आणि मग प्रेक्षकांकडे वळून दोरी ओढून डोळा मिचकावला. प्रेक्षागृह हसून कोसळले. ते सोंग सुंदर होते की सुमार, हे त्याने लिहिलेल्या प्रसंगात कुठेच महत्त्वाचे ठरत नाही. लक्षात राहतो तो त्या मांजराने केलेला उद्योग.

एकाच माणसाला चारही पाय द्यायचे असतील तर हात लांबवावे लागतात. रिक बेकर या रूपकाराने १९८४ च्या ‘ग्रेस्टोक’ या टारझनपटासाठी वानरांची सोंगे केली आणि पीटर इलियट या कलाकाराने त्यांची हालचाल बसवली. तिथे हाताला जोड देऊन ही लांबी साधली होती. त्याच्या दोन वर्षे आधी आलेल्या जिम हेन्सन आणि फ्रँक ऑझ यांच्या ‘द डार्क क्रिस्टल’मध्ये लँडस्ट्रायडर नावाचे लांब पायांचे काल्पनिक प्राणी होते, त्यांतले कलाकार हातापायांना बांधलेल्या चार उंच काठ्यांवर चालत. पुढे संगणकाने चित्र रंगवायला सुरुवात केली, कातडे आणि केस शिवायची गरज उरली नाही, तरी हातातल्या काठ्या सुटल्या नाहीत. २०११ पासूनच्या ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ चित्रपटांत टेरी नोटरी यांनी नटांना हातकाठ्यांवरच चालायला शिकवले. हाताखाली खरे वजन पडल्याशिवाय खांदा वानराचा होत नाही, आणि खांदा वानराचा झाला नाही तर संगणकाला रंगवायला काही मिळत नाही.

हातकाठी करणे वाटते तितके सोपे नाही. तळहात टेकून शरीराचे वजन दिले की मनगट मागे दुमडते, आणि मनगटाची लहान हाडे त्यासाठी घडलेली नाहीत. म्हणून चांगल्या हातकाठीला आडवी मूठ असते आणि कोपराखाली हात धरून ठेवणारे कडे असते. दवाखान्यात मिळणाऱ्या कोपरकुबडीला असते तसेच. मूठ, मनगट आणि कोपर एका रेषेत आले की भार हाडांतून सरळ खाली जातो, स्नायू थकत नाहीत. तळाला रबर हवे, नाहीतर गुळगुळीत रंगमंचावर पुढचे दोन्ही पाय फाकतात. एवढे जमले की मान आडवी येते. ओणव्या माणसाचा चेहरा जमिनीकडे असतो आणि समोर पाहण्यासाठी मान मागे मोडून धरावी लागते. काही मिनिटांतच ती ताठरते. त्यामुळे प्राण्याचे डोके कलाकाराच्या डोक्यावर न बसवता त्याच्या पुढे बसवतात आणि त्याला मानेतल्या जाळीतून पाहू देतात.

ज्युली टेमर यांनी १९९७ मध्ये ‘द लायन किंग’चे रंगमंचावरचे रूप दिग्दर्शित केले तेव्हा मायकल करी यांच्या साथीने हा प्रश्न निराळ्या बाजूने सोडवला. त्यातल्या सुरुवातीच्या गाण्यातल्या जिराफांची उंची १४ फूट आहे. आतला कलाकार शिडीवर चढून चार काठ्यांत हातपाय घालतो. जिराफाची मान मात्र त्याच्या डोक्यावरच्या टोपीतून वर जाते आणि त्याचा चेहरा उघडाच राहतो. चित्त्याच्या सोंगात पुढचे पाय नर्तिकेच्या हातातल्या दांड्यांवर असतात आणि चित्त्याचे डोके दोरीने तिच्या डोक्याशी जोडलेले असते. तिने मान वळवली की चित्ता मान वळवतो. माणूस आणि प्राणी दोघेही एकाच वेळी दिसावेत, हीच टेमर यांची इच्छा होती. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. लपवलेला माणूस सापडला की सोंग फसते. उघड असलेला माणूस सापडण्याचा प्रश्नच येत नाही, आणि प्रेक्षकाची नजर शोधाशोध सोडून प्राण्यावर स्थिरावते.

आपल्याकडे ही जाण जुनी आहे. गोव्यात शिगम्याच्या दिवसांत सत्तरी आणि डिचोली भागांत घोडेमोडणी होते. घोड्याचा सजवलेला सांगाडा नर्तक कमरेला बांधतात, पायात घुंगरू, हातात उगारलेली तलवार, आणि ढोल-ताशांच्या ठेक्यावर पुढे-मागे पदन्यास. कमरेच्या वर स्वार, खाली घोडा, आणि दोघांना मिळून माणसाचे दोनच पाय. पूर्वीच्या लढवय्यांची आठवण म्हणून हा नाच करतात. तमिळनाडूतल्या तंजावरकडे पोइक्काल कुदिरै नावाचा असाच घोडेनाच आहे. त्यात नर्तक लाकडी पायांवर उभे राहून कमरेला घोडा बांधतात, आणि तंजावरच्या मराठी राजवटीत तो महाराष्ट्रातून तिकडे गेला असे मानले जाते. या दोन्ही नाचांत चार पाय दाखवण्याचा हट्टच सोडलेला आहे. स्वाराचे रुबाबात मागे झुकणे आणि घोड्याचे अधीर होऊन थयथयणे एकाच शरीरातून यावे लागते. वरचे अंग शांत, खालचे अस्वस्थ. जो नर्तक हे वेगळे ठेवू शकतो त्याच्या घोड्याला चार पाय नाहीत हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

पण खरोखर चार पायांचा, पाठीवर जिवंत स्वार घेणारा, पूर्ण मापाचा घोडा हवा असेल तर? दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनच्या हँडस्प्रिंग पपेट कंपनीसमोर हाच प्रश्न आला. एड्रियन कोलर आणि बेसिल जोन्स यांनी तिची स्थापना १९८१ मध्ये केली. २००४ मध्ये त्यांनी मालीतल्या सोगोलोन मंडळींबरोबर ‘टॉल हॉर्स’ नावाचे नाटक केले, इजिप्तच्या शासकाने फ्रान्सच्या राजाला भेट म्हणून पाठवलेल्या एका जिराफाबद्दलचे. त्यातल्या जिराफाच्या पोटात दोन कलाकार काठ्यांवर उभे राहून चालत. तो जिराफ पाहून लंडनच्या नॅशनल थिएटरचे टॉम मॉरिस यांना मायकल मॉर्पुर्गो यांची १९८२ ची ‘वॉर हॉर्स’ ही कादंबरी रंगमंचावर आणता येईल असे वाटले. पहिल्या महायुद्धात सैन्यात नेलेल्या जोई नावाच्या घोड्याची ती गोष्ट. मॉरिस आणि मेरियन इलियट यांच्या दिग्दर्शनात ते नाटक ऑक्टोबर २००७ मध्ये लागले.

जोईचा सांगाडा वेताचा आहे. वेत भिजवून वाकवायचा, वाळला की तो आकार धरून ठेवतो. वजनाला हलका आणि धक्का बसला तर तडकण्याआधी लवतो. जिथे ताकद हवी तिथे अॅल्युमिनियम. वरून केसाळ कातडे नाहीच. पातळ जाळीदार कापड ताणून बसवले आहे आणि त्यातून आतली दोन माणसे सावलीसारखी दिसतात. त्या दोघांच्या पाठीला पिशवीसारखे पट्टे असतात आणि घोड्याचा कणा त्यांवर टेकलेला असतो. स्वार चढला की त्याचे वजन कण्यातून थेट या दोन पाठींवर येते. तिसरा कलाकार बाहेर, घोड्याच्या डोक्यापाशी उभा राहतो. या तिघांना डोके, हृदय आणि मागचा भाग अशाच नावांनी ओळखतात.

इथे कोलर यांनी जी गोष्ट केली ती मला या सगळ्या शिल्पाचा गाभा वाटते. घोड्याचे पाय त्यांनी माणसांच्या पायांवर चढवलेच नाहीत. आतली माणसे आपल्या पायांनी चालतात, ते पाय उघड दिसतात, आणि त्यांच्या शेजारी घोड्याचे पाय स्वतंत्र लोंबतात. ते हातातल्या दांड्यांनी पुढे-मागे जातात, आणि बोटांनी खटका दाबला की सायकलच्या ब्रेकसारख्या तारेने खूर दुमडतो. टाच योग्य उंचीवर, योग्य दिशेला वळते, कारण तिला माणसाच्या गुडघ्याशी जुळवून घ्यायचे नाही. एवढ्या एका फारकतीने आधी सांगितलेल्या दोन्ही अडचणी सुटतात.

उरतो जीव. हृदयाचा कलाकार आपले गुडघे किंचित वाकवतो, पुन्हा सरळ करतो. त्याबरोबर जोईची छाती खाली-वर होते, आणि घोडा श्वास घेऊ लागतो. उभा असतानाही तो कधी निश्चल नसतो. डोक्याचा कलाकार कान फिरवतो. खऱ्या घोड्याचे कान एकमेकांपासून स्वतंत्र, जवळजवळ १८० अंशांत वळतात आणि त्याचे लक्ष कुठे आहे ते कानांवरूनच कळते. भुवया आणि ओठ हलवण्याची कोणतीही यंत्रणा जोईच्या चेहऱ्यात नाही, घोड्याला तिची गरजही नाही. आवाजाचे तर आणखी विलक्षण. घोड्याच्या फुप्फुसांत मावणारी हवा एका माणसाच्या छातीत मावत नाही, म्हणून खिंकाळी तिघे मिळून काढतात. एकाने सुरू केलेला सूर दुसरा उचलतो, तिसरा संपवतो. शिंगरू असताना जोई इतका लहान आहे की आत माणूस शिरूच शकत नाही, त्यामुळे तिघेही त्याच्या भोवती उघड उभे असतात. पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षकांनी ते मान्य केले की पुढचे सारे नाटक मोकळे होते.

चालीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण दोन माणसांचे सोंग बहुधा इथेच मोडते. घोडा सावकाश चालतो तेव्हा पाय असे पडतात: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. चार ठोके, समान अंतराने. आता पुढचा आणि मागचा माणूस कवायतीत चालल्यासारखे दोघेही एकदम डावा, एकदम उजवा पाय टाकू लागले, तर एका बाजूचे दोन्ही पाय एकत्र उचलले जातात; ती उंटाची चाल झाली. दोघांनी विरुद्ध पाय टाकले, तर तिरपे पाय जोडीने पडतात. ती दुडकी झाली. साध्या चालीसाठी पुढच्याने मागच्यापेक्षा अर्धे पाऊल उशिरा टाकायला हवे, आणि तो उशीर न मोजता, न बोलता, मिनिटांमागून मिनिटे टिकवायला हवा. माणसाच्या शरीराला दुसऱ्याबरोबर ठेका जुळवण्याची इतकी ओढ असते की हे अर्धे पाऊल राखणे हाच सरावाचा मोठा भाग होतो. जोई चालवणारे एकमेकांचा श्वास ऐकून ते साधतात.

चूक फक्त सोंग करणाऱ्यांचीच होते असे नाही. गॅबोर होर्वाथ या हंगेरियन भौतिकशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर २००९ मध्ये निसर्गइतिहासाच्या संग्रहालयांतले पेंढा भरलेले प्राणी, खेळणी आणि शरीररचनेच्या पुस्तकांतली चित्रे तपासली. चालत्या प्राण्यांपैकी जवळपास निम्म्यांचे पाय चुकीच्या क्रमात होते. एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे मांडून घोड्याची धाव टिपली आणि चौखूर धावताना एका क्षणी चारही खूर जमिनीवरून सुटतात हे दाखवले, त्यालाही तेव्हा सव्वाशेहून अधिक वर्षे झाली होती.

वाघाचे गणित घोड्याहून वेगळे. घोड्याचा कणा बऱ्यापैकी ताठ असतो, म्हणून तो दोन पाठींवर टेकवता येतो. वाघाचा कणा प्रत्येक पावलाला लवतो. शिवाय त्याच्या खांद्याची पाती छातीला हाडाने जखडलेली नसतात, नुसत्या स्नायूंच्या झोळीत असतात. दबा धरून चालताना ती आळीपाळीने पाठीच्या रेषेवर उचलली जातात, आणि पाहणाऱ्याला भिववणारी ती चाल तिथूनच येते. ‘लाइफ ऑफ पाय’ या कादंबरीच्या लोलिता चक्रवर्ती यांनी केलेल्या नाट्यरूपात निक बार्न्स आणि फिन काल्डवेल यांनी रिचर्ड पार्कर हा वाघ घडवला, तो असा सुटा-सुटा, लवणारा आहे. एका वेळी तिघे त्याला चालवतात. हे नाटक २०१९ मध्ये शेफील्डला आणि २०२१ मध्ये लंडनच्या वेस्ट एंडला आले. २०२२ च्या ऑलिव्हिए पुरस्कारांत सहायक अभिनेत्याचा पुरस्कार आळीपाळीने वाघ चालवणाऱ्या सात कलाकारांना मिळून दिला गेला. तो पुरस्कार वेशभूषेचा नव्हता, अभिनयाचा होता, आणि ते अगदी योग्य झाले.

शाळेच्या गॅदरिंगसाठी किंवा बालनाट्यासाठी असे सोंग करायचे असेल तर यातले बरेच काही आपल्या हाती आहे. वेत, बांबूच्या कामट्या, नळकामाचे पीव्हीसी पाइप, जुन्या पाठपिशव्यांचे पट्टे, कोपरकुबड्या: सांगाड्याला यापलीकडे फारसे लागत नाही. बाजारातून केसाळ कापड आणायची घाई करू नये. आधी नुसता सांगाडा बांधून कलाकारांना चालायला लावावे, मोबाइलवर बाजूने चित्रण करावे आणि यूट्यूबवरच्या खऱ्या प्राण्याच्या चालीशेजारी ठेवून पाहावे. चाल जमली की कापड जुनी साडी असली तरी चालते. बंद कातड्याचा आग्रह आणखी एका कारणाने सोडावा. माणसाचे अंग घाम वाळून थंड होते. फोम आणि केसाळ कापडाच्या आत घाम वाळतच नाही, आणि आपल्या उकाड्यात, दिव्यांखाली, दहा मिनिटांत चक्कर येऊ शकते. म्हणून प्रवेश लहान ठेवावेत, आतल्या मुलाला दर प्रवेशानंतर पाणी द्यावे, आणि पाहणाऱ्या डोळ्यांची एक जोडी बाहेर, प्राण्याच्या डोक्यापाशी असावी. सोंगाची चेन पाठीवर लावू नये. ती पोटाशी, आतल्या मुलाच्या हाताला लागेल अशी हवी, म्हणजे जीव गुदमरला तर कोणाची वाट न पाहता त्याला स्वतः बाहेर येता येईल.